सगळ्या फोटोंत एकच हसू

ठिपकीला आत्मविश्वासाची चणचण कधी भासली नाही. चार माणसांना पुरेल एवढा ती जन्मतानाच सोबत घेऊन आली होती, असं तिची आत्या म्हणायची, आणि आत्यानेच तिला लहानाचं मोठं केलं असल्यामुळे या बाबतीत तिचा शब्द शेवटचा मानायला हरकत नाही. नावही आत्यानेच पाडलेलं. आत्याचा फोटो स्टुडिओ होता. शाळा सुटली की पोरगी तिथे येऊन स्टुलावर बसायची आणि बारीक ब्रशने फोटोंवरचे पांढरे ठिपके भरत राहायची. कुठे धुळीचा कण, कुठे ओरखडा, सगळं बुजवायची. पुढे गिऱ्हाइकं गालावरचे खरे डागही बुजवून मागू लागली आणि ठिपकीने तेही बुजवले. मोठी झाल्यावर ती परदेशात एका स्टुडिओत फोटोंच्या टचिंगच्या कामाला लागली. ब्रश जाऊन कॉम्प्युटर आला, पण नाव तेच राहिलं.

या कामाने माणसाची नजर बिघडते. ठिपकीची पार बिघडली होती. समोर कोणीही येऊन बसलं की ही मनातल्या मनात त्याची हनुवटी आवळायची, डोळ्यांखालची काळी वर्तुळं काढायची, कॉलर सरळ करायची आणि मगच ‘बोला’ म्हणायची. मैत्रिणींचे, शेजाऱ्यांचे, खुद्द स्टुडिओमालकांचे फोटो तिच्या तावडीतून सुटले नव्हते. मालकांच्या टकलावरची चमक तर ती न विचारताच कमी करायची. मालक म्हातारे आणि स्वभावाने गोड होते, त्यामुळे ते आरशात बघताना जरा निराश व्हायचे, एवढंच.

तर अशा ठिपकीने परदेशात लग्न केलं, तेही तिसऱ्याच कुठल्या तरी देशातून तिथे पोट भरायला आलेल्या एका गवंड्याशी. त्याचं खरं काम गिलाव्याचं. स्टुडिओच्या मागच्या भिंतीला ओल आली म्हणून मालकांनी त्याला बोलावलं होतं. भिंत आठवड्यात कोरडी ठणठणीत झाली. हा मात्र ‘अजून एकदा बघायला हवं’ म्हणत येतच राहिला. रोज यायचा, भिंतीवर हात फिरवायचा आणि ठिपकीकडे बघायचा. मालक काय समजायचं ते समजले आणि त्याच्यासाठी वेगळा कप आणून ठेवला.

लग्न होऊन वर्ष उलटलं आणि मालकांनी दुकान बंद करून लेकीकडे राहायला जायचं ठरवलं. दुकान बंद म्हणजे ठिपकीची नोकरी बंद, आणि नोकरी बंद म्हणजे तिथे राहायचा परवानाही महिनाअखेरीस बंद. ठिपकीने हे हसत हसत ऐकलं. तिकडे आत्याचा स्टुडिओ वाट बघत होता. आत्याचे गुडघे थकले होते, वरची खोली रिकामी होती, आणि भिंती तर काय, जगात सगळीकडे असतात, त्यामुळे गवंडीबुवांच्याही कामाची चिंता नव्हती. फक्त नवऱ्याला तिच्या देशात शिरायला व्हिसा हवा होता. तो मिळाला तर दोघं एकाच विमानाने जाणार होती. नाही मिळाला तर ठिपकी एकटी जाणार, हा मागे राहणार, आणि पुढची भेट कधी हे कोणीच सांगू शकत नव्हतं.

“व्हिसा ना? त्यात काय एवढं!” ठिपकी म्हणाली. “नवरा आहेस तू माझा. नवऱ्याला कोण अडवतंय?”

“अडवतात,” नवरा म्हणाला. त्याने आजवर बऱ्याच सरकारी कचेऱ्यांच्या खिडक्यांसमोर उभं राहून पाहिलं होतं.

“तुला अडवत असतील. मला नाही अडवत.”

नवऱ्याने यावर वाद घातला नाही. तो मराठी तिच्याकडूनच शिकला होता. ठिपकी घरात जे काही बोलायची त्यातलं निम्मं दटावणं असल्यामुळे त्याच्या तोंडी ‘गप बस’, ‘डोकं खाऊ नकोस’, ‘उगाच मधे मधे करू नकोस’ ही वाक्यं सफाईने बसली होती. कुठलं वाक्य कधी बोलायचं नाही, हेही तो अनुभवाने शिकला होता.

ठिपकीने कागद गोळा केले. लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट, भाड्याच्या खोलीचा करार, ‘ही दोघं माझ्याकडे राहतील’ असं लिहिलेलं आत्याचं पत्र. आणि लग्नाचे फोटो. दोघांच्या लग्नाचा पुरावा म्हणून फोटो जोडावेत, असं सूचनांमध्ये लिहिलेलं होतं. ते वाचून ठिपकीची कळी खुलली. बाकीच्या कागदांत काय, कोणीही कोणासारखाच. फोटोत मात्र तिचा हात धरणारं कोण होतं?

फोटो तिने लग्नानंतर लगेचच, आत्याला पाठवण्यासाठी करून ठेवले होते. लग्न लागलं नोंदणी कचेरीत. मालक साक्षीला होते, दुसरी साक्ष शेजारच्या खोलीतल्या कारकुनाने दिली, आणि फोटो मालकांनीच स्टुडिओतला कॅमेरा नेऊन काढले. कचेरीची भिंत भयंकर होती. खालून ओल चढलेली, पापुद्रे सुटलेले. ती बघून नवरदेवाचाच जीव कासावीस झाला.

“ही भिंत काढून टाक,” तो लग्नानंतर ठिपकीला म्हणाला होता. “मी अशा भिंतीसमोर लग्न केलं, हे माझ्या धंद्यातल्या कुणाला कळलं तर तोंड दाखवायला जागा राहणार नाही.”

मग ठिपकीने भिंत काढली आणि तिथे स्टुडिओतला राखाडी रेशमी पडदा सोडला. मागे कान खाजवत उभा असलेला कारकून काढला. मालकांच्या टकलाची चमक कमी केली, टेबलावरचा फाइलींचा ढीग हटवून फुलदाणी ठेवली. आणि मग स्वतःकडे वळली. स्वतःचं काम जरा मोठंच होतं. कारण त्या दिवशी ठिपकी रडली होती. डॉक्टरांनी आत्याला विमानात बसायला मनाई केली होती, तिच्यावाचून लग्न लागत होतं, आणि सही करायला पेन हातात घेतल्याबरोबर या बहाद्दर बाईचा बांध फुटला होता. एकाही फोटोत तिचा चेहरा धड नव्हता. असे फोटो आत्याला पाठवले असते तर तिकडे तिनेही डोळ्याला पदर लावला असता. म्हणून ठिपकीने आपला एक जुना, छान हसरा फोटो शोधला आणि त्यातलं हसू उचलून सगळीकडे बसवलं. मान वळेल तसं हसूही वळवलं. काम इतकं बेमालूम झालं की ती स्वतःच थोडा वेळ बघत बसली.

“फोटोंवर आक्षेप घेऊन दाखवावा कोणी,” फाइल बंद करताना ती म्हणाली.

आक्षेप फोटोंवरच आला.

व्हिसाच्या कचेरीत काचेपलीकडे एक अधिकारी बाई बसल्या होत्या. ठिपकीच्याच देशाच्या, ठिपकीचीच भाषा बोलणाऱ्या. ठिपकीने सवयीने त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मनातल्या मनात पुसल्या आणि फाइल आत सरकवली. बाईंनी एकेक कागद तपासला. दाखल्यावरचा शिक्का प्रकाशात धरून पाहिला. सगळं बिनबोभाट चाललं होतं. मग त्यांनी फोटो बाहेर काढले आणि एकाशेजारी एक टेबलावर मांडले. मांडून झाल्यावर त्या एकेका फोटोवर वाकून बघत राहिल्या. ठिपकीला वाटलं, बाई हरखल्या.

“हे फोटो कुठे काढले?”

“लग्नातच. नोंदणी कचेरीत.”

“नोंदणी कचेरीत असा रेशमी पडदा असतो?”

“नसतो. तो मी लावला.”

“कचेरीत जाऊन पडदा लावलात?”

“नाही हो मॅडम, नंतर लावला. भिंत फार वाईट होती. ह्यांना ती सहन होईना.”

बाईंनी चष्मा वर केला. “आणि हे तुमचं हसू? सगळ्या फोटोंत एकच आहे. मान हलते, हात हलतात, हसू जागचं हलत नाही.”

ठिपकीला आजवर कोणी असं पकडलं नव्हतं. पण ती खजील होण्याऐवजी चिडली. “कुठे जोड दिसतोय दाखवा बरं.”

“जोड दिसत नाही, हीच तर भानगड आहे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “हे बघा, माझ्यासमोर रोज नवरा-बायको येतात. त्यातले काही खरे असतात. काही कोट भाड्याने घेतात, स्टुडिओत जाऊन पडद्यासमोर उभे राहतात, गोड हसतात आणि इथे येतात. आत शिरल्यावर कोण कुणाचा नवरा आणि कोण कुणाची बायको! तुमचा दाखला कचेरीचा आहे आणि फोटो स्टुडिओतले दिसताहेत. वर तुम्ही म्हणताय, पडदा मी लावला, हसू मी लावलं.”

“दाखला खरा आहे ना?”

“दाखला खरा आहे. सही-शिक्क्याने लग्न लागतं, ते मला ठाऊक आहे. संसार आहे की नाही, ते मला बघायचंय. हात न लावलेले फोटो आणा आणि दोघंही मुलाखतीला या. या आठवड्यातच या, नाहीतर महिनाअखेरीच्या आत माझ्याच्याने काही होणार नाही.”

ठिपकी बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता. लग्न खोटं म्हटल्याचा राग होताच. पण खरं सांगायचं तर, बाईंनी तिचं कौतुक केलं की अपमान, हे तिला ठरवता येत नव्हतं, त्याचा राग जास्त होता.

ती तडक स्टुडिओत गेली. दुकान अर्धं रिकामं झालं होतं. दिव्यांच्या छत्र्या मिटून कोपऱ्यात उभ्या होत्या, आणि मालक जुन्या लेन्सा फडक्याने पुसून खोक्यात भरत होते.

“माझ्या लग्नाचे मूळ फोटो कुठे आहेत?”

“मला काय विचारतेस?” मालक म्हणाले. “तूच पुसलेस.”

हे खरं होतं. आत्याचा धंद्यातला पहिला धडा होता तो. काम पसंत पडलं की कच्चा फोटो ठेवायचा नाही. ठेवला की तो कधी ना कधी गिऱ्हाइकाच्या नजरेला पडतो, आणि माणूस आपला जुना चेहरा बघून नव्या चेहऱ्यावर नाराज होतो. आत्याच्या दुकानात कच्ची प्रत फाडून टोपलीत जायची. ठिपकी इथेही तोच नियम काटेकोरपणे पाळायची आणि मालकांनाही पाळायला लावायची. नवऱ्याच्या मोबाइलमध्ये एखादा फोटो असता, पण तो मोबाइल मागेच गिलाव्याच्या बादलीत पडून कैलासवासी झाला होता.

“बाईंना सांग की फोटो नाहीत,” मालक म्हणाले. “मी येतो हवं तर साक्षीला.”

“तुमच्या टकलावर पण मी हात चालवलाय. तुम्हालाही खोटं ठरवतील.”

मालकांनी नकळत डोक्यावरून हात फिरवला.

  ठिपकी उठली, कॉम्प्युटर सुरू केला आणि बाह्या वर सरसावल्या. तिच्या डोक्यात एक कल्पना आली होती आणि ती तिला फारच आवडली होती. जो हात वाईटाचं चांगलं करतो, तो चांगल्याचं वाईट का नाही करणार? बाईंना कच्चे फोटो हवेत ना? ती कच्चे फोटो तयार करणार होती. ओल, पापुद्रे, फाइली, कारकून, सगळं जसंच्या तसं.

संध्याकाळी नवरा कामावरून परस्पर तिथेच आला. बाहीवर गिलावा वाळलेला, केसांत पांढरी भुकटी. त्याने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे एकवार पाहिलं आणि तो म्हणाला, “ओल अशी नसते.”

“म्हणजे कशी?”

“तू वरून खाली काढली आहेस. ती खालून वर चढते. आणि कड अशी सरळ नसते. इथे पोटासारखी फुगते, मग पापुद्रा सुटतो.”

“इथे?”

“आणखी खाली. हां. आता इथे थोडा पिवळेपणा दे.”

पाहता पाहता नवरा-बायको कामात बुडून गेली. तो स्टूल ओढून शेजारी बसला. ज्या भिंतीची त्याला लाज वाटत होती, तीच भिंत तो आता मन लावून खराब करून घेत होता. कारकुनासाठी त्याने स्वतः कान खाजवत उभं राहून दाखवलं. मालक मागून बघत होते आणि तोंडावर हात ठेवून हसत होते. फाइलींचा ढीग झाला, फुलदाणी गेली. भिंत इतकी हुबेहूब वाईट झाली की नवऱ्याने नाक मुरडलं.

मग ठिपकी स्वतःच्या चेहऱ्यापाशी आली. तिने पापण्या सुजवल्या, नाकाच्या शेंड्यावर लाली चढवली आणि गालावर एक थेंब काढला. थेंब सुंदर झाला. गालावर मोती ठेवावा तसा तो तिथे थांबला होता आणि त्यात उजेडाचा एक कवडसाही पडला होता.

“तू अशी नव्हतीस रडली,” नवरा म्हणाला.

“मग कशी रडले?”

“नाक गळत होतं. तोंड वेडंवाकडं झालं होतं. तू म्हणत होतीस, आत्या कुठे आहे, आत्या कुठे आहे. लहान मुलासारखी.”

ठिपकीचा हात थांबला. तो दिवस तिला लख्ख आठवला. आपण तो पुसला होता आणि आता पुन्हा खोटा रंगवत होतो, त्यातही स्वतःला देखणं ठेवून. तिला स्वतःची विलक्षण लाज वाटली. आत्याची आठवण काढून आलेलं रडू होतं ते, आणि आपण त्याला उजेडाचा कवडसा लावत बसलो!

“पुसून टाकते,” ती म्हणाली आणि खरोखरच सगळं पुसलं. मोठ्या कष्टाने चढवलेली ओल एका क्षणात गेली. नवऱ्याला भिंतीचं जरा वाईटच वाटलं.

“मग आता?” त्याने विचारलं.

“आता काय, जायचं आणि सांगायचं. जे झालं ते झालं तसं. मला बोलता येतं की नाही?”

“ते येतं,” नवरा म्हणाला. याविषयी त्याच्या मनात कधीच शंका नव्हती.

मुलाखतीच्या खोलीत एक टेबल, तीन खुर्च्या आणि एक फोन होता. अधिकारी बाईंनी दोघांना समोर बसवलं आणि हात पुढे केला. “कच्चे फोटो?”

“नाहीत,” ठिपकी म्हणाली. “मीच पुसले.” आणि तिने एका दमात सगळं सांगितलं. भिंत, कारकून, टक्कल, फुलदाणी, आत्याचा नियम, स्वतःचं रडणं, उचलून बसवलेलं हसू. कच्चे फोटो नव्याने बनवायला बसलो होतो, हेही तिने लपवलं नाही. नवऱ्याने मधेच टेबलाखाली तिचा पाय दाबला, पण गाडी सुटली होती.

बाई ऐकत होत्या. “बोलण्यात तुम्ही पक्क्या आहात,” त्या म्हणाल्या. “पण इथे खोटे येतात ते तर त्याहून पक्के असतात.” मग त्या नवऱ्याकडे वळल्या. “तुम्हाला मराठी येतं?”

“येतं.”

“कोणी शिकवलं?”

“हिने.”

“काही बोलून दाखवा.”

नवरा घाबरला होता. घाबरल्यावर माणसाच्या तोंडून जे पक्कं पाठ आहे तेच येतं. “उगाच डोकं खाऊ नकोस,” तो नम्रपणे म्हणाला.

ठिपकीने डोळे मिटले. बाईंच्या ओठाचा एक कोपरा किंचित हलला आणि परत जागेवर आला.

“पत्रात तुमच्या आत्याचा नंबर आहे,” त्या म्हणाल्या. “मी त्यांच्याशी बोलणार आहे. तुम्ही दोघांनी मधे एक शब्द बोलायचा नाही.”

हे ऐकून ठिपकीचा जीव भांड्यात पडला. आत्याशी बोला म्हणजे प्रश्नच मिटला! आत्या भाचीच्या पाठीशी उभी राहणार नाही तर कोण राहणार? बाईंनी नंबर लावला आणि फोनचा आवाज मोठा केला. पलीकडे आत्याने ‘कोण?’ असं खणखणीत विचारलं. बाईंनी आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगितलं.

“तुमच्या भाचीचं लग्न झालंय, हे तुम्हाला माहीत आहे?”

“म्हणजे काय? झालंय की.”

“लग्नाचे फोटो पाहिलेत?”

“पाहिलेत. खोटे आहेत.”

ठिपकी खुर्चीतच ताठ झाली. तिने तोंड उघडलं, तशी बाईंनी बोट वर केलं. नवऱ्याने पुन्हा तिचा पाय दाबला, आणि या वेळी तो पाय तसाच दाबून ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण हे हरलो. विमानात शेजारची जागा रिकामी असेल, हा इथे एकटा राहील, आणि हे सगळं आत्याच्या एका शब्दाने झालेलं असेल.

“खोटे म्हणजे?” बाईंनी विचारलं.

“खोटे म्हणजे खोटे. मी जन्मभर हाच धंदा केलाय बाई, मला शिकवू नका. मागचा पडदा लावलेला आहे. फुलदाणीची सावलीच नाही, एवढी मोठी चूक तिने कधी केली नव्हती, घाईत असणार. आणि तिचं ते हसू माझ्या दुकानातलं आहे. ती इथून गेली त्या दिवशी मीच काढला होता तो फोटो. माझं हसू मला ओळखू येणार नाही होय? ती रडलेली होती. मला वाईट वाटू नये म्हणून माझंच हसू मला परत पाठवलंन.”

ठिपकीला हे माहीत नव्हतं. आत्याने फोटो बघून ‘छान आलेत’ एवढंच कळवलं होतं. वर्षभर आत्याला सगळं ठाऊक होतं आणि तिने एका अक्षराने विचारलं नव्हतं.

“मग लग्नही खोटं असू शकतं,” बाई म्हणाल्या.

“लग्न खरं आहे.”

“कशावरून?”

“फोटो आहेत ना तुमच्यासमोर? मग बघा. त्या म्हाताऱ्या मालकांचं टक्कल बघा. तिने हात मारलाय. तिचा स्वतःचा चेहरा बघा, त्यात तिचं काही उरलेलं नाही. टेबल, भिंत, कॉलर, काही सोडलं नाही तिने. आता जावईबापूंचा चेहरा बघा.”

बाईंनी फोटो जवळ ओढले.

“मी त्यांना रोज फोनवर बघते,” आत्या सांगत होती. “डावा कान बाहेर आलेला. नाक मधेच वळलेलं. पुढचा दात तुटका. भुवईत अडकलेला चुनासुद्धा फोटोत तसाच आहे. सगळं आहे तसं आहे, तिने एवढासा ठिपकादेखील पुसलेला नाही. अहो, ही पोरगी शाळेत होती तेव्हापासून मी बघतेय. तिने आजवर एकही चेहरा तसाच सोडला नाही. माझासुद्धा नाही. नुसतं व्हिसासाठी लग्न केलं असतं ना बाई, तर पहिला तो दात नीट केला असता तिने.”

अधिकारी बाईंनी फोटो उचलून अगदी डोळ्यांपाशी नेला. मग दुसरा. मग तिसरा. मग फोटोवरून नजर काढून समोर बसलेल्या गवंड्याकडे पाहिलं. कान, नाक, दात, सगळं जागच्या जागी होतं.

ठिपकीही त्याच्याकडे बघत होती. तिने तसं काही ठरवलं नव्हतं. ते फोटो करताना ती इतका वेळ बसली होती, तो चेहरा प्रत्येक फोटोत तिच्या समोर होता, आणि त्यात दुरुस्त करण्यासारखं काही आहे असं तिला एकदाही दिसलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, नाक गळायला लागलं, आणि तिने ते बाहीने पुसलं. सगळ्यांसमोर, अजिबात न लाजता.

बाईंनी आत्याचे आभार मानून फोन ठेवला. फाइलीत काहीतरी लिहिलं, सही केली, शिक्का उमटवला. “शुक्रवारी येऊन पासपोर्ट घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “तिकिटं दोघांची काढा.”

दोघं जिना उतरून खाली रस्त्यावर आली. ठिपकी अजून बाहीने नाक पुसत होती. कोपऱ्यावर रस्ता ओलांडायला थांबल्यावर नवऱ्याने जिभेने आपला तुटका दात चाचपला.

“मला वाटलं होतं,” तो म्हणाला, “तुला तेवढा वेळ मिळाला नसेल.”